एलुलची पहिली तारीख

क्लेटन या परदेशी उपनगरात, जनावरांच्या एका क्लिनिकमध्ये मिताली व्हेट नर्स होती. ऑगस्ट २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मालकांना आत यायला बंदी होती. जनावर दारात घ्यायचं, मालक कार पार्कमध्ये थांबणार, बाकी सगळं फोनवर.

त्या शुक्रवारी हाईम नवगावकर आपल्या कुत्रीला, जुईला, घेऊन आले. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, सत्तरी ओलांडलेले, घरात एकटेच. तेरा वर्षांच्या जुईच्या गर्भाशयात पू झाला होता आणि विष अंगभर पसरलं होतं. आता ऑपरेशन झेपणार नाही, इंजेक्शन देऊन शांत झोपवू, असं डॉक्टर म्हणाल्या.

मितालीने हाईमकाकांना फोन करून मराठीतच सांगितलं.

“आज आमच्या एलुल महिन्याची पहिली तारीख,” ते म्हणाले. “आमच्यात हे पाळीव जनावरांचं नवं वर्ष. मलाही कालच कळलं, आमचे धर्मगुरू, रॅबाय, झूमवर सांगत होते. जनावरांशी आपण कसे वागलो ते या दिवशी आठवायचं. माझे आजोबा घाण्याच्या बैलालाही शनिवारी सुट्टी द्यायचे. आणि ही दोन आठवडे नीट खात नव्हती, तरी मी कोरोनाला घाबरून घरात बसलो. मला तिची माफी मागायचीय.”

मितालीने फोन स्पीकरवर टाकून जुईच्या कानाशी धरला.

“जुई,” काकांनी हाक मारली. मान उचलायचं त्राण नसलेली जुई टेबलावर पाय घासत उठायला लागली. दाराकडे बघून कण्हायला लागली. मितालीला ते बघवेना. तिने फोन बंद केला, ब्लँकेटसकट जुईला उचललं आणि मागच्या दाराने बाहेर निघाली.

“मिताली, रूल्स,” डॉक्टर म्हणाल्या. पण मग मास्क सावरून, इंजेक्शनचा ट्रे घेऊन त्याही मागोमाग आल्या.

गाडीच्या मागच्या सीटवर काकांनी जुईचं डोकं मांडीवर घेतलं. ते वाकून तिच्याशी बोलू लागले तशी मिताली थोडी मागे सरकली. जुईचं कण्हणं थांबलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन मिनिटं थांबून छाती तपासली आणि त्या आत गेल्या.

“दोन आठवड्यांपूर्वी आणली असती तर?” काकांनी विचारलं.

काहीतरी बरं वाटेल असं सांगावं, असं मितालीच्या मनात आलं. पण ते तिच्याकडेच बघत होते.

“ऑपरेशन करता आलं असतं,” ती म्हणाली. “बहुतेक वाचली असती.”

काकांनी मान हलवली. त्यांचा मास्क भिजला होता.

“तिने माफ केलं असेल. स्वभावच तसा होता तिचा,” ते म्हणाले. “त्याचाच त्रास होतोय.”

जवळ जाऊन बसायची सोय नव्हती. आतून दोनदा हाक आली तरी मिताली दीड मीटरवर तशीच उभी राहिली.