दुपारी दोन ते चार सोडून

मी छोटा हत्ती बोलतोय. मला सोंड नाही, सुळे नाहीत आणि मोठं तर कुणी कधी म्हणालंच नाही. शिरूरच्या मार्केट यार्डाबाहेर टेम्पो उभे असतात ना, त्यात सगळ्यात कडेला, फुटक्या सायलेन्सरचा, तो मी. थोडं मोठ्यानं बोलतो, सांभाळून घ्या.

एका जागी उभं राहणं मला जमत नाही. उभा राहिलो की टायर बसतात, बॅटरी उतरते आणि मनात नाही नाही ते यायला लागतं. नवा होतो तेव्हा भिमाजीनं मला झेंडूचा हार घातला, चाकापुढं नारळ फोडला, पेढे वाटले आणि त्याच दुपारी माझ्या हौद्यात कांद्याच्या गोण्या टाकल्या. कौतुक तिथंच संपलं. भिमाजी माझा मालकही आणि ड्रायव्हरही. सकाळी मी चालू झालो नाही तर तो मला शिव्या घालतो, आणि चढावर हळू हळू चढलो की पाठीवर थाप मारावी तशी डॅशबोर्डवर थाप मारतो.

कांदा, सिमेंट, मंडपाचे खांब, सगळं वाहिलं. पण मला खरं आवडायचं ते घरसामान. घर बदलताना माणसाचं काही लपत नाही. शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं जे कळत नाही ते मला फाळका पडल्या पडल्या कळतं. नव्या घराशी पोचलं की आधी काय उतरवायचं, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. कुणी देव्हारा उतरवतं, कुणी पाण्याचा हंडा. एका कंपनीवाल्या पोरानं तर आधी टीव्ही उतरवला होता.

सम्राटच्या घरातली पहिली वस्तू मात्र सगळ्यात शेवटी उतरली. तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला.

त्या दिवशी दौंडला माल टाकून आम्ही रिकामे परत निघालो होतो. रेल्वेच्या वस्तीजवळ एका म्हाताऱ्यानं हात केला. हे कोंडिबा आबा. आयुष्यभर रुळांवर काम केलेलं. गाडी येताना दिसली की लांबवर पांगलेल्या मजुरांच्या गँगला ओरडून सावध करायचं, हे त्यांचं काम. त्यामुळं आवाज असा, की त्यांनी "थांब" म्हटल्यावर भिमाजीनं ब्रेक दाबायच्या आत मीच थांबलो.

"पोराचं बिऱ्हाड शिक्रापूरला न्यायचंय. येतोस का?"

पोरगा म्हणजे सम्राट गायकवाड. डिप्लोमा करून रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला लागला होता. त्याची बायको सीमा नर्स होती आणि मुलगी मोनाली तेव्हा पहिलीत जायची होती. सीमानं बाबासाहेबांचा मोठा फोटो आईच्या हातच्या गोधडीत गुंडाळला. मला वाटलं, हा वर ठेवतील. पण तिनं तो हौद्यात सगळ्यात खाली, गादीच्या आड ठेवला.

"तिथं घरमालकाशी काय बोलायचं ते ठरलंय ना?" तिनं हळूच नवऱ्याला विचारलं.

"काहीच बोलायचं नाही," तो म्हणाला. "विचारलं तर बघू."

शिक्रापुरात हायवेलगत हौसरावांची दोन मजली चाळ होती. शेताच्या कडेला खोल्या बांधून कंपनीतल्या लोकांना भाड्यानं दिलेल्या. हौसराव अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी थांबलो तसे ते उठून आले.

"आडनाव काय म्हनला?"

"गायकवाड."

"अरं वा! म्हंजी आपलेच की!"

आता बघा, गायकवाड आपल्याकडं सगळ्या जातींत असतात. सम्राटनं एवढंच सांगायचं होतं की, मामा, आम्ही बौद्ध. त्यानं हसून मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही, पण हौसरावांना कळायचं ते कळलं. त्यांनी स्वतः कपाटाला हात लावला, बायकोला हाक मारून चहा ठेवायला लावला. सगळं सामान वर गेलं आणि गोधडीतला फोटो अगदी शेवटी, उशांच्या ढिगात घालून नेला. मला त्या सम्राटचा राग आला आणि दयाही आली. याआधी खोल्या शोधताना त्यांना कुठं काय ऐकून घ्यावं लागलं होतं, ते मला माहीत नव्हतं ना.

त्यानंतर शिक्रापूरला जाणं झालं की भिमाजी मुद्दाम त्या चाळीपुढून न्यायचा. बरं चाललेलं दिसायचं. विठाबाई, म्हणजे हौसरावांची बायको, रानातली मेथीची जुडी मोनालीच्या हाती द्यायच्या. गॅलरीत कपडे वाळत असायचे. फोटो कपाटावर कुठंतरी आडवा पडलेला असावा.

मग एकतीस डिसेंबर आला. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला जायचं, म्हणून आबा आदल्या दिवशीच निघाले. त्या तारखेला आमच्या या रस्त्यावर अख्खा महाराष्ट्र लोटतो, आणि ज्याचं म्हणून इथं नातेवाईक आहे तो त्याच्याकडं उतरतो. आबांनी नातीसाठी ज्वारीचं पोतं घेतलं होतं, भिमाजी चौफुल्यावरून शिक्रापूरला निघणारच होता, आबा केबिनमध्ये बसले. वाटेत ते माझ्या इंजिनापेक्षा मोठ्यानं गोष्टी सांगत होते आणि आवाजात मला हरल्यासारखं वाटत होतं.

चाळीपुढं उतरल्या उतरल्या त्यांनी वर बघून हाक दिली, "मोनाली! जय भीम, बाळा!"

हौसराव खुर्चीवर होते. विठाबाई शेंगा निवडत होत्या. मोनाली गॅलरीत पळत आली, आजोबांना बघून तिचं तोंड फुललं, आणि मग तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

"आबा, हळू! इथं असं नाही म्हणायचं."

हे तिला कुणी शिकवलं असेल असं नाही. मुलं घरातली कुजबूज ऐकून आपलं आपण शिकतात. पण आबांचा वर केलेला हात तसाच राहिला. त्यांनी पोतं उतरवलं, जिन्यापर्यंत नेऊन ठेवलं आणि परत येऊन माझ्या केबिनचं दार उघडलं.

"भिमाजी, मला कोरेगावला सोड. तिथं मंडपात पडतो रातच्याला."

"आवो, पन पोराकडं..."

"चल तू."

त्या वाटेवर एकटं माझं इंजिनच बोलत होतं. माझा सायलेन्सर तेव्हा धड होता, तरी मला माझाच आवाज नकोसा झाला.

हौसरावांनी घर सोडा असं लगेच म्हटलं नाही. वाईट बोलले नाहीत, भांडले नाहीत. मेथी तेवढी यायची बंद झाली. विठाबाईंची मोनालीशी नजरानजर झाली की त्या शेंगांत डोकं घालायच्या. पुढं महिन्याभरात, आमच्या पोराला खोली लागतीय, असा हौसरावांचा निरोप आला. सामान भरायला मीच गेलो. हौसराव त्या दिवशी शेतावर होते. आधी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही. पण न सांगितल्यामुळं, फसवलं असं म्हणायला त्यांना जागा मिळाली.

यानंतर सम्राटनं वाघोलीत फ्लॅट घेतला, भाड्याचाच. दहाव्या मजल्यावर. तिथं सिक्युरिटीनं माझा नंबर लिहून घेतला, पण यांचं आडनाव कुणी विचारलं नाही. सम्राट खूश झाला. मला ती जागा पहिल्यापासून आवडली नाही. आत सोडताना माझ्या चाकांखाली ताडपत्री अंथरायला लावली, फरशीवर तेल सांडेल म्हणून. असल्या जागेचं काय कौतुक!

तिथं कुणी विचारत नव्हतं हे खरं, पण कुणी येतही नव्हतं. सम्राटचे कामावर जाण्यायेण्यात रोज कितीतरी तास ट्रॅफिकमध्ये जायचे. आबांना कितीदा बोलावलं, आबा गेले नाहीत. "तितं भित्ती पातळ असत्यात," म्हणायचे. आणि हे ते हळू म्हणायचे. दौंडला भाडं घेऊन गेलो की भिमाजी त्यांना भेटायचा. रुळांवरची अख्खी गँग हलवणारा माणूस आता चहावाल्यालाही दोनदा सांगायचा, कारण पहिल्यांदा त्याला ऐकूच जायचं नाही.

शेवटी सम्राट आणि सीमानं ठरवलं, आता कायमचं घर घ्यायचं. कुठं, यावर महिनोन्महिने चाललं होतं. मी ऐकलं ते शिरूरच्या एसटी स्टँडाबाहेर. दोघं घरं बघायला आले होते आणि माझ्या फाळक्यावर बसून चहा पीत होते.

"दौंडला जाऊ," सम्राट म्हणाला. "आपली माणसं आहेत, विहार आहे. कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी बघतो."

"पगार कमी होईल. आणि माझी ड्युटी? वाघोलीतच घेऊ म्हणा की."

"तिथं आबा येणार नाहीत."

"मग शिरूर. शाळा चांगली आहे, तुमच्या कंपनीची बस येते, मला इथल्या दवाखान्यात बोलावलंय," सीमा म्हणाली आणि थांबली. "अहो, शाळा, दवाखाना, पाणी, सगळं बघतोय आपण. मला एकच बघायचंय. मोनाली इथं मोठ्यानं बोलेल का?"

सम्राट चहाचा कप नुसता फिरवत बसला.

त्या दिवशी भिमाजीच त्यांना ओळखीची घरं दाखवत होता. पहिल्या फाटकाशी सम्राट तोंड उघडायच्या आत सीमा पुढं झाली. "आम्ही बौद्ध आहोत. बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये लावणार. सासरे मोठ्यानं बोलतात. चालत असेल तर घर बघतो."

तिथल्या माणसाला एकदम आठवलं की घर भावाच्या नावावर आहे. दुसरीकडं, उद्या फोनवर सांगतो म्हणाले. तो फोन यायचा नाही हे मलाही कळलं. सम्राट म्हणाला, "अगं, असं दारातच..." ती म्हणाली, "दारातच. आत गेल्यावर परत बाहेर पडावं लागलं की जिवाला फार लागतं."

तिसरं घर घोडनदीच्या बाजूला, जोडघरातलं अर्धं. विकणाऱ्या सुलक्षणाबाई दुसऱ्या अर्ध्यात एकट्या राहायच्या. पाटलांच्या घरातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, चष्मा कपाळावर. सीमानं तेच सगळं पुन्हा सांगितलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मोठ्यानं म्हंजी किती मोठ्यानं?"

सीमा गोंधळली. या प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती.

"नाही, भिंत एकच हाय आपली. मी दुपारी दोन ते चार झोपते. तेवढं सोडून काय ओरडायचं ते ओरडा."

भिमाजीला हसू आवरेना. मला मात्र विश्वास बसला नाही. हौसरावांनीही चहा दिला होताच की. बाई चांगली वाटली, पण नीट कळायला दिवस जावे लागतात, आणि या लोकांचे दिवस असे कितीदा वाया जायचे?

घर झालं. मी वाघोलीहून सामान भरलं. या खेपेला मोनालीनं फोटो हौद्यात ठेवूच दिला नाही. केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसली, आणि तोही काचेकडं तोंड करून. सम्राट आणि सीमा गाडीवर पुढं. सकाळीच पोचायचं होतं, पण शिक्रापूरच्या चौकात ट्रकांनी असा अडकवला की मी तापून लाल झालो. हौसरावांची चाळ डाव्या हाताला दिसत होती. मोनालीनं तिकडं बघितलं, फोटो जरा घट्ट धरला आणि पुढं बघायला लागली.

शिरूरच्या स्टँडवर आबा ट्रंक घेऊन उभे होते, पार थकून. केबिनमध्ये चढताना ते नातीला म्हणाले, "जय भीम, बाळा." ओठ हलले म्हणून मला कळलं. आवाज माझ्या घरघरीत बुडाला.

घराशी पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते. गल्ली चिडीचूप. सुलक्षणाबाईंची खिडकी बंद. मोनाली फोटो घेऊन आधी उतरली आणि दारात उभी राहिली.

"आबा, घर आलं."

"व्हय बाळा," आबा पुटपुटले.

"ऐकू येत नाही."

"व्हय म्हनलं."

"आबा, मोठ्यानं बोला ना! हे आपलं घर आहे."

आबांनी सम्राटकडं बघितलं. सम्राट खाली मान घालून दोरी सोडत होता. मग त्यानं मान वर केली. "म्हणा आबा," म्हणाला. भिमाजीनं चावी फिरवून मला बंद केलं, माझी घरघर मध्ये नको म्हणून.

आबांनी घसा खाकरला. रुळांवर लांबून गाडी दिसावी तशी छाती भरून घेतली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जय भीम!"

नदीकडचे बगळे उडाले. समोरचं एक दार उघडलं आणि लागलं. मग खाडकन ती खिडकी उघडली. केस विस्कटलेले, चष्मा नाही, अशा सुलक्षणाबाई बाहेर डोकावल्या.

"अवो आबा! तुमच्या सुनंला काय म्हनलं होतं मी? दोन ते चार! जय भीम चारनंतर घालायला काय झालं होतं? आता उठवलंच हाय तर या चहाला. आन् ती पोरगी फोटो धरून कवाची उभी हाय, हातोडी पायजे का?"

आबांना ओरडा बसला होता. पण आवाजासाठी. फक्त आवाजासाठी. दुसऱ्या कशासाठीही नाही. त्यांनी तो मान डोलावत ऐकून घेतला आणि इतके हसले की त्यांना माझ्या फाळक्याला धरावं लागलं.

आता माझं फिटनेस सर्टिफिकेट संपत आलंय. तळ गंजलाय, सायलेन्सर तर तुम्ही ऐकताच आहात. भिमाजी भंगारवाल्याशी बोलतो तेव्हा मुद्दाम लांब जाऊन बोलतो, पण मला कळतं. मी खूप घरं उतरवली. एकच मागणं आहे. तुमच्या दारापुढं एखादा टेम्पो थांबला आणि कुणी गोधडीत काही गुंडाळून उतरवायला लागलं, तर आधी हातोडी द्या. आडनाव मग विचारा, नाहीतर नकाच विचारू.

त्या दिवशी जय भीम ऐकून लागलेलं समोरच्या घराचं दार अजून नीट उघडलेलं नाही. म्हणून माझ्या जिवाचा घोर पुरता गेलेला नाही. भाडं मिळो न मिळो, भिमाजी मला त्या गल्लीतून नेतो. फोटो हॉलमध्ये समोरच दिसतो. मी मुद्दाम तीन वाजता जातो आणि लांबलचक हॉर्न देतो. बाई खिडकीतून मलाही शिव्या घालतात, आणि आतून आबा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मला ओ देतात.