कवठखेडवरचे लाल काटे

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझ्या पाठीला जाड कापड चिकटवलेलं आहे, म्हणून इतकी वर्षं टिकलो. पुण्याच्या एका छापखान्यात माझ्या अंगावरची शाई वाळली, तेव्हा माझ्या नद्या निळ्या होत्या, रस्ते तांबडे होते आणि गावं म्हणजे काळे ठिपके होते. मग कोणीतरी माझी गुंडाळी केली आणि मोटारीच्या टपावर बोचक्यांत दडपून मला नगर जिल्ह्यात, जामखेडच्या बाजूच्या कोरड्या मुलखात धाडलं. तिथल्या एका पोलीस ठाण्याची भिंत हे माझं घर झालं.

माझं काम सोपं होतं. तालुक्यात चोरी झाली की त्या गावाच्या ठिपक्यावर टाचणी टोचायची. महिनाअखेर टाचण्यांचा हिशेब नगरला जायचा आणि साऱ्या जिल्ह्यांचा मिळून वर मुंबईला. त्यावरून इलाख्यात कुठे माणसं निर्धास्त झोपतात आणि कुठे दाराला अडसर घालून झोपतात, ते मोठ्या साहेबांना कळे. निदान कळतं असं त्यांना वाटे.

माझी देखभाल शलमोन हवालदारांकडे होती. फार मायेचा माणूस. रोज सकाळी रुमालाने माझ्यावरची धूळ झटकत. माझा कोपरा उसवला की घरून त्यांच्या बायकोने, लिडियाबाईंनी, केलेली खळ आणून चिकटवत. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत टाचण्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी बाभळीचे काटे तोडून आणले आणि लाल रंगात बुडवून वाळवले.

"टाचणी काय न् काटा काय, टोचायचं ते टोचणारच. रागावू नकोस, बाबा," असं ते मला म्हणाले होते.

मी कशाला रागावू? उलट मला अभिमान वाटे. फौजदार आप्पासाहेब पाहुण्यांना माझ्यापुढे उभं करत आणि म्हणत, "सगळा तालुका इथे एका नजरेत दिसतो."

त्या नजरेला एक गोष्ट सारखी खुपू लागली. कवठखेड नावाच्या बाजाराच्या गावावर काट्यांचं नुसतं झुडूप उगवलं होतं. शेजारची सावरवाडी मात्र धुतल्यासारखी स्वच्छ. तिथे एकही काटा नव्हता. आप्पासाहेबांनी विचार केला आणि ठरवलं की कवठखेडचा आठवडे बाजार उचलून सावरवाडीला न्यायचा. चोरांच्या गावात बाजार कशाला?

हे जाहीर करायला ते बाजारच्याच दिवशी कवठखेडला गेले. शलमोन हवालदारांनी मला सोबत घेतलं आणि चावडीसमोरच्या लिंबाला टांगलं. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा उघड्यावर आलो. समोर मेथीच्या जुड्या, गुळाच्या ढेपा, घोंगड्या, आणि अगदी माझ्या पायाशी केशरबाई कुंभारणीची मडकी.

आप्पासाहेबांनी छडीने काटे दाखवले आणि निकाल सांगितला. सावरवाडीचे पोलीसपाटील आबासाहेब मिशीवरून हात फिरवत उभे होते. केशरबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"सायब, माझी भट्टी हितं, माती हितं," त्या म्हणाल्या. "सावरवाडीच्या खडकाळ वाटंनं मडकी न्यायची म्हंजी पोचस्तवर खापऱ्याच उरायच्या. मग मी इकू काय आन् खाऊ काय?"

"बाई, मला तुमचं वाईट वाटतं," आप्पासाहेब म्हणाले. "पण लोकांचा माल सुरक्षित राहायला हवा. हा नकाशा काही खोटं बोलत नाही."

तेवढ्यात मडकं वाजवून बघत बसलेली एक म्हातारी खुदकन हसली. ती सावरवाडीची दगडाबाई.

"आजी, हसायला काय झालं?" हवालदारांनी विचारलं.

"हसू न्हाई तर काय करू, बाबा? त्या काट्यांत माझी शेळी हाय."

"असेल की. तुमची शेळी याच बाजारातून गेली ना? मीच लिहून घेतलं होतं."

"बाजारातनं कुठली? माझ्या दारातनं गेली. सावरवाडीतनं."

"दगडाबाई, गप बसा," आबासाहेब हळूच म्हणाले.

"गप्पच हुते की, पाटील. तुमीच म्हनालात, गावात चोऱ्या हुत्यात असं कळलं तर आपल्या पोरींना कोन पदरात घ्येनार? म्हनून हितं यिऊन सांगितलं, शेळी बाजारात गेली. शेळी पायजे हुती मला, आन् गावची अब्रूबी ऱ्हायली पायजे."

मग मागून सावरवाडीच्याच एकाने सांगितलं, माझा हंडाही घरातूनच गेला. दुसऱ्याने कोंबड्यांचं सांगितलं. शलमोन हवालदार एकेक काटा उपटत होते आणि सावरवाडीवर टोचत होते. मित्रांनो, माझ्या अंगावर कवठखेड मोकळं होत गेलं आणि सावरवाडी लाल. आबासाहेब ते बघत होते. मग पुढे आले.

"हवालदार, अजून एक लावा," ते म्हणाले. "माझा खोंड. मीबी बाजारातच गेला म्हनून सांगितलं हुतं."

लोक हसले. केशरबाई म्हणाल्या, "पाटील, आता चोर घावंल. मग बघा, स्थळं तुमचं दार पुसत येत्यात का न्हाई."

बाजार कवठखेडलाच राहिला. गस्तीची माणसं मात्र सावरवाडीला गेली, कारण ती कुठे हवी होती ते आता कळलं होतं. चोर सापडले. दगडाबाईंची शेळी काही मिळाली नाही, पण आबासाहेबांनी त्यांना आपल्या घरचं एक करडू नेऊन दिलं. पुढे आप्पासाहेबांनी गावोगावच्या पाटलांना निरोप धाडला, की चोरी जिथे झाली तिथलीच सांगा, गावाला कोणी नावं ठेवणार नाही. तेव्हा माझ्यावर इतके काटे आले की नगरहून विचारणा झाली, तुमच्या तालुक्यात एकाएकी चोऱ्या का वाढल्या? आप्पासाहेबांनी उत्तर लिहिलं, "चोऱ्या वाढल्या नाहीत. सांगणारे वाढले."

पुढे नवा नकाशा आला आणि मी फडताळाच्या मागे गेलो. शलमोन हवालदार पेन्शनीत निघाले, तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या घरी आहे. मला वाळवी लागू नये म्हणून लिडियाबाई माझ्या घडीत कडुलिंबाचा पाला ठेवतात. एवढी माया पुरे आहे.

तेव्हा मुलांनो, कोणत्याही गावाला आकडे बघून चोराचं गाव म्हणू नका, आणि जिथे आकडाच नाही तिथे सगळं ठीक आहे असंही धरू नका. त्या गावात सांगायची सोय आहे का, ते आधी विचारा. उद्या वर्गात कोणाची पेन्सिल गेली आणि ते पोर गुरुजींना सांगायला उठलं, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.