मोठ्यानं बोला, मालक

"पहिला गोऱ्हा पडला," फाब्रिसियो धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांच्या कुशी पखालीसारख्या फुगल्यात. अपारिसियो, चल लवकर. गुरांचा डॉक्टर तासाभराशिवाय पोचत नाही."

अपारिसियो दारातल्या बाकड्यावर बसून येर्बाचा कडू काढा नळीनं ओढत होता. तो उठला नाही.

रस्त्यापलीकडच्या त्या कुरणावर त्यानं सव्वीस वर्षं गुरं राखली होती. विजेच्या तारेनं पाडलेले चाळीस पट्टे. रोज एक चारायचा आणि मागच्यांना पुन्हा वाढू द्यायचं. उपाशी गुरं दवातल्या लसूणघासावर सोडली की पोटफुगीनं मरतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्हाताऱ्या मालकाच्या पश्चात त्याचा जावई, हा फाब्रिसियो, राजधानी मोंतेविदेओहून चराईचा तक्ता घेऊन आला होता आणि तक्त्यात सकाळचे सहा लिहिले होते.

आज पहाटे अपारिसियोनं सगळं पाहिलं होतं: रात्रभर कोंडलेले दोनशे भुकेले गोऱ्हे, ओलाचिंब पट्टा आणि तार उचलणारा फाब्रिसियो. बायको नेल्दा म्हणाली, "अरे, जाऊन सांग तरी."

"चोराचं कोण ऐकतं?" तो म्हणाला आणि बसून राहिला.

दोन महिन्यांपूर्वी ओरोस्मानच्या किराणा-दारूच्या दुकानात, शनिवारच्या भर गर्दीत, फाब्रिसियोनं त्याला चोर ठरवून कामावरून काढलं होतं. दोन कालवडी हरवल्या, त्या यानंच विकल्या म्हणे. आठवड्यानं त्या दलदलीत रुतून मेलेल्या सापडल्या. फाब्रिसियोनं त्या गुपचूप पुरल्या. अपारिसियोनं ते कुंपणाआडून पाहिलं, पण सांगणार कोणाला? तेव्हापासून गावात कोणी त्याला कामाला बोलावलं नाही की पत्ते खेळायला बसवलं नाही.

"कालवडी कुठं सापडल्या, मालक?" त्यानं आता विचारलं.

"ते काढायची ही वेळ आहे का?"

"वेळ तुमची चाललीय. माझी नाही."

तो सावकाश उठला, पाठीशी कमरेत सुरी खोवली आणि रस्ता ओलांडून तारेपाशी जाऊन थांबला. आत तीन गोऱ्हे आडवे होते. बाकीचे माना ताणून कण्हत होते.

"ओरोस्मानला फोन लावा. आज शनिवार, दुकान सकाळपासून भरलेलं असेल. सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवायला सांगा."

"आधी वाचव, मग बोलतो. देवाशपथ."

"देवाला मध्ये आणू नका. त्याला कालवडींचं माहीत आहे."

फाब्रिसियोनं फोन काढला, परत खिशात घातला. आणखी दोन कोसळले. त्यातला एक पांढऱ्या तोंडाचा, आई मेल्यावर अपारिसियोनंच बाटलीनं दूध पाजून जगवलेला. हात सुरीकडे गेला. त्यानं तो मागं घेतला.

शेवटी फोन लागला. फाब्रिसियो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, मालक. मागच्या टेबलापर्यंत जायला हवं."

"तिकडं काय कण्हतंय रे?" फोनमधून ओरोस्मानचा आवाज आला.

"मी खोटं बोललो," फाब्रिसियो ओरडून म्हणाला. "अपारिसियो चोर नाही. कालवडी दलदलीत मेल्या. मला माहीत होतं."

"पुन्हा," अपारिसियो म्हणाला.

त्यानं पुन्हा सांगितलं. तेवढ्यात अजून एक पडला.

मग मात्र अपारिसियो तार ओलांडून धावला. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागं, सुरी घालायची आणि फिरवायची. वारा आणि फेस फसकन बाहेर. कोपरापर्यंत माखून तो एकामागून एक कुशी फोडत गेला. डॉक्टर आला तेव्हा नऊ मेले होते, बाकीचे उभे होते. फाब्रिसियोनं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. खोटं कशाला सांगावं, त्या दिवशी त्याच्या जिवाला असा थंडावा मिळाला की तो भरपेट जेवला आणि दुपारभर घोरत पडला.

पुढच्या शनिवारी धुतलेला शर्ट घालून तो दुकानात गेला. ओरोस्माननं न मागता पेला भरला. कोपऱ्यात शेजारच्या कुरणाचा मालक दाल्मिरो बसला होता. त्याला गुरांवर माणूस हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सोमवारपासून येऊ का?" अपारिसियोनं विचारलं.

"नको."

"का? ऐकलंस ना, मी चोर नाही."

"ऐकलं. मी इथंच होतो." दाल्मिरोनं पेला टेबलावर ठेवला. "तू 'पुन्हा' म्हणालास तेही ऐकलं."

"गोऱ्हे त्याचे होते."

"गोऱ्हे होते," दाल्मिरो म्हणाला.

हे खोटं आहे म्हणून टेबलावर मूठ आपटावी, तर खोटं नव्हतं. अपारिसियोनं पेला संपवला, टोपी चढवली आणि तारेच्या कडेकडेनं घरी निघाला. त्याला पाहताच उरलेले गोऱ्हे चरणं सोडून तारेपाशी आले. पट्टा बदलायची वेळ झाली असं त्यांना वाटलं. कुशीवरचे टाके घेऊन ते आतून त्याच्या बरोबरीनं चालत राहिले, आणि कुंपण संपेपर्यंत त्यानं मान वळवली नाही.