वजीरचे मागचे पाय

अमडापुरात बैल लंगडला की लोक आधी उकंडरावांना बोलावायचे, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. म्हणून घरचा ग्रेट डेन कुत्रा वजीर मागच्या पायांनी झोकांड्या खायला लागला तेव्हा त्यांनी कुणालाच विचारलं नाही. बैलाला देतात तसा विळा तापवून त्याच्या दोन्ही मांड्यांवर डाग दिला. वजीर तोवर विश्वासानं पडून होता.

त्या दिवसापासून उकंडराव दिसले की तो खरडत कोपरा गाठायचा. मग तेही थांबलं. चारही पाय गेले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉ. नाजिशनं आधी ते डाग पाहिले, मग स्कॅनचा फोटो उजेडापुढे धरला.

"काका, दुखणं मानेत हाये. मणक्यांमधली गादी सरकली, तिनं आतली मुख्य नस दाबली."

"मानेत? मंग मांगचे पाय आधी काऊन गेले?"

"पाइप मधात दाबला, तं शेवटच्या सरीचं पाणी आधी तुटते ना?"

उकंडराव खाली बघू लागले. एवढी हुशारी, आणि भाजलं भलतीकडेच.

ऑपरेशन गळ्याच्या बाजूनं होतं. श्वासनळी बाजूला सारून हाड कोरायचं, गादी काढायची. ड्रिल जरा खोल गेलं तर श्वासच थांबणार. अडीच तास उकंडराव बंद दारासमोर उभे होते. बायकोनं, शालूबाईनं, दिलेला चहा हातातच गार झाला.

वजीर जगला. पण पाय जिथे ठेवावा तिथेच राहायचा. "दोन-तीन दिवसांत सोताहून हलवला पाह्यजे, नाही तं अवघड हाये," नाजिश म्हणाली. शालूबाई त्याला पाणी पाजायची, कूस बदलायची. उकंडराव मात्र बाहेरच. कुठल्या तोंडानं जाणार?

तिसऱ्या दुपारी नाजिशनंच त्यांना आत बोलावलं. ते दारात थबकले, हळूच म्हणाले, "वजीर, बेटा."

वजीरचे कान मागे गेले. अंग थरथरलं. आणि कुणी हात लावायच्या आत त्यानं मागचा डावा पाय ओढून पोटाशी घेतला. मग उजवा.

"हलवला! सोताहून हलवला!" नाजिश ओरडलीच. शालूबाईनं हात जोडले. "काका, अजून एकदा हाक मारा," नाजिश म्हणाली.

पोराला पुन्हा भिववायचं होतं, तेही आपणच. उकंडरावांनी डोळे पुसले, एक पाऊल पुढे टाकलं आणि हाक मारली.