मॅटाडोरचे नवे दिवे

"आनखी थोडा फाकव की उजेड. बाजूचं काहीच दिसत न्हाई," गाडीसमोर उभा राहून आसाराम म्हणाला.

भीमराजने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. केडगावात पुणे रस्त्याला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पाथर्डीहून आलेली ही जुनी मॅटाडोर सकाळपासून त्याच्या दारात उभी होती. गंजलेले रिफ्लेक्टर काढून त्याने नवे बसवले होते, पिवळट बल्बांच्या जागी हॅलोजन घातले होते, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली होती. आता दिवस मावळला होता आणि समोरच्या भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती.

"ह्याच्यावर उजेड या गाडीला झेपायचा न्हाई, आसारामभाऊ."

"परवा पहाटं टोळी न्यायची हाय कारखान्यावर. अठरा मानसं, वर लेकरं. करंजीचा घाट हाय मधी."

बावीस वर्षं आसाराम हेच करत आला होता. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली गावातली कुटुंबं त्याच्याच गाडीत बसत. आसारामभाऊ असले म्हणजे निवांत झोपावं, असं बायका म्हणत.

"चला, रस्त्यावर बघू," भीमराज म्हणाला.

मळ्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला आसारामने गाडी घातली. दोन पांढरेशुभ्र झोत पार लांबच्या बाभळींवर पडले. भीमराज खूश झाला. तेवढ्यात डाव्या कडेने डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली एक बाई दिसली. आसाराम गाडी तिच्याच अंगावर घेत होता. भीमराजने झडप घालून स्टिअरिंग ओढलं. भारा खाली पडला. बाई शिव्या देत बांधावर चढली.

गाडी थांबली.

"कोन हुतं?" आसारामने विचारलं.

भीमराजने दार उघडलं. खाली उतरून तो गाडीपुढे दहा पावलं चालत गेला आणि झोताच्या जरा बाजूला उभा राहिला. झोताच्या कडेचा उजेड त्याच्या सदऱ्यावर पडत होता. त्याने हात वर केला, हलवला. आसाराम काचेतून नाकासमोर बघत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "भीमराज? गेला का रं?"

भीमराज परत येऊन शेजारी बसला.

"कधीपासनं हाय हे?"

"दोन वर्सं झाली. नगरच्या डॉक्टरनं सांगितलंय. डोळ्याचा पडदा वाळत चाललाय म्हनला. आदी रातीचं जातं, मग दिवसाचं. औषिद न्हाई."

"घरी ठाऊक हाय?"

"न्हाई. वडलांचं बी असंच झाल्तं. सांजच्याला हाताला धरून आनायचो त्यान्ला." त्याने समोरच्या झोताकडे बोट केलं. "म्हनलं, लाईट झ्याक बसवले तर यवढा सीझन निघंल."

"आन् मागल्या साली?"

"म्होरल्या ट्रकचा लाल दिवा धरून गेल्तो."

"अठरा मानसं, आसारामभाऊ!" भीमराज ओरडला.

"ठाऊक हाय मला."

थोड्या वेळाने आसाराम उतरला. पत्र्यावर हात फिरवत गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी आला, चाचपून कडी शोधली आणि बसला. बावीस वर्षांत तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. भीमराजने गाडी दुकानाकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात आसारामने गाडी घरी नेली. संध्याकाळी पुतण्याला, गोरक्षनाथला, बोलावून किल्ली त्याच्या हातात दिली. गोरक्षनाथ जीप चालवायचा.

"टोळी तू ने. माजी कंबर धरलीय."

पहाटे गावाबाहेरच्या पटांगणात भांडीकुंडी, कोयते, गोधड्या गाडीत चढल्या. लेकरं रडत होती, म्हातारी माणसं निरोप देत होती. दिवे लागले तसं कुणीतरी म्हणालं, "दिवस उगावल्यावानी उजेड पडलाय की!" आसाराम बायकोशेजारी, लंकाबाईंशेजारी, उभा होता. त्यांना त्याने अजून काही सांगितलं नव्हतं.

गाडी हलली. पटांगणात वळसा घेऊन रस्त्याला लागली. "येतो, आसारामभाऊ!" बायकांनी आतून ओरडून सांगितलं.

गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत आसारामने हात वर केला. लंकाबाईंनी त्याचा तो हात मनगटाशी धरला आणि हळूच रस्त्याच्या बाजूला वळवला.