उमरग्याच्या बाजारात पुढं गेलेली बाई

मी एक पिशवी आहे. हिरव्या इरकलीची, लाल काठाचे बंद असलेली. आधी मी लुगडं होते. गौराबाई सणासुदीला, लग्नकार्याला मला नेसायची. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या, "तिचं नेसूचं घरात ठेवू नका." तिच्या लेकीनं, शिवांजलीनं, ऐकलं नाही. लुगडं फाडून तिनं अर्ध्याची गोधडी शिवली आणि अर्ध्याची मी झाले. चिंधीसुद्धा उरली नाही.

गौराबाईचं माहेर कर्नाटकातलं. नवऱ्याला, म्हणजे वीरप्पांना, ती "बर्री" म्हणून हाक मारायची. या, चला, उशीर होतोय, सगळं त्या एका कानडी शब्दात. बाजारात मात्र ती लेकीचा हात सोडत नसे. आधी लेकीच्या बांगड्या, मग बाकीचं जग.

यंदा श्रावणात शिवांजली माहेरी आली. बाप घराबाहेरच पडत नाही, हे तिनं पाहिलं.

"अप्पा, उमरग्याला चला. पोटभर खाऊ, दुकानं बघू. घ्यायचं काय न्हाय, नुसतं हिंडू."

बाजारात उतरल्यावर आधी ती दोघं हॉटेलात शिरली. मालक म्हणाला, "मामा, कोपऱ्यातलं टेबल तुमचंच. बाई धरून ठेवा म्हणल्या."

"कोणती बाई?"

"हिरव्या इरकलीतली. आत्ताच उठून गेली बघा."

"दुसऱ्या कुणाचं असंल," शिवांजली हसून म्हणाली. वीरप्पा हसले नाहीत. चुरमुऱ्यांचा सुसला आणि गरम भजी समोर आली, पण त्यांचं लक्ष दाराकडंच. मला त्या बाकावर ठेवलं होतं. बाक थंडगार होता. नुकतंच कुणी उठून गेलेल्या जागेला थोडी तरी ऊब असते.

भांड्यांच्या दुकानात मात्र अप्पा रमले. पितळी तांब्याला टिचकी मारून नाद ऐकत बसले. जे घ्यायचं नाही तेही हातात धरून बघायला माणसांना आवडतं. शिवांजलीला वाटलं, आणलं ते बरं झालं.

मग बांगड्यांचं दुकान आलं. दुकानवाल्या बानूबाईनं वीरप्पांना बघताच हात केला. "मालक, तुमच्या घरच्या बाई पुढं गेल्या. आले की लवकर पाठवा म्हणल्या."

वीरप्पांचा चेहरा उजळला. शिवांजलीचा उतरला. तिनं हळूच विचारलं, "अन् माझं काय म्हणली?"

"तुझं? तुझं तर नाव न्हाय काढलं, बाई."

तेव्हाच मला खटकलं. शिवांजलीला विसरणारी गौराबाई नव्हती.

अप्पा भराभर चालू लागले. माझा एक बंद त्यांच्या हातात, दुसरा लेकीच्या. "अप्पा, दमानं," ती म्हणत होती. बाजार संपला, हैदराबादचा मोठा रस्ता आला. पलीकडं, ट्रकांच्या धुरळ्यात, पाठमोरी बाई उभी होती.

"बर्री," ती म्हणाली. आवाज अगदी गौराबाईचा.

"आलो, आलो गं," वीरप्पा पुढं झाले.

शिवांजलीनंही तिला पाहिलं. "आई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तिचेही पाय रस्त्याकडं वळले.

मी मात्र तिच्या अंगावरचं लुगडं बघत होते. हिरवी इरकल, लाल काठ, पदराला माझाच जुना डाग. ते लुगडं तर मीच होते! फाडलेली, शिवलेली मी इथं. मग ती काय नेसली होती?

कापडाला किती जोर असतो, मला ठाऊक नाही. होता नव्हता तो सगळा लावून मी मागं ओढलं. अप्पांच्या हातातला बंद टर्रकन उसवला आणि दोघं मातीत मागं पडली. त्यांच्या पायांपुढून ट्रक गेला. धुरळा बसला तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं.

"तू ओढलंस का मला?" वीरप्पांनी विचारलं.

"न्हाय अप्पा. मी तर तुमच्या मागंच येत हुते."

आता मी खिळ्यावर लटकलेली असते. काल भरदुपारी अंगणात पावलं वाजली. शिवांजली शेजारी गेली होती. अप्पा उठून चपला शोधू लागले. ती वेळेवर परतली म्हणून बरं.

शिवांजली, उद्या तू सासरी निघशील. आईची आठवण म्हणून मला घ्यायला हात लांबवशील. नेऊ नकोस गं. मला अप्पांच्या उशाशी ठेव. शिवण सैल झालीय, पण आणखी एका हिसक्यापुरता जोर माझ्यात आहे.