चालू राहिलेला गिझर

मी न्हाणीघरातला गिझर. वर कोपऱ्यात टांगलेला असतो. माझा लाल दिवा लागलाय का, एवढंच बघायला लोक मान वर करतात. तापायचं आणि निवायचं, हेच माझं आयुष्य. हल्ली दोन्ही धड होत नाही.

दुकानातून इथे आलो, तेव्हा या घरातला मुलगा शाळेत होता. पुढे तो कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकायला लागला आणि माझा छळ सुरू झाला. खिसे भरून दगड आणायचा आणि गरम पाण्याखाली धरून वडिलांच्या ब्रशने घासायचा. दातांच्या ब्रशने! वडिलांना ते कधी कळलं नाही. ते दात घासायला लागले की मलाच कसंतरी व्हायचं.

"राजे, आटोपलं का? की आज तिथेच मुक्काम?" वडील दार वाजवायचे.

"आलो, आलो," म्हणत राजे आणखी एक दगड घ्यायचे.

बाहेर पडताना तो मला बंद करायचा नाही. मग वडिलांची आरोळी, "गिझर!" ती ऐकून शेजारीसुद्धा आपापलं बटण बघून येत असतील.

एकदा आईने त्याला दारातच धरलं. "रोज बोलणी खातोस. बंद करत जा की."

"मुद्दाम ठेवतो गं. गरम पाणी मी संपवतो आणि मागून बाबांची अंघोळ. गार पाण्याने त्यांची कंबर धरते."

"मग सांग ना त्यांना तसं."

"नको. सकाळी ओरडले नाहीत तर त्यांना चहा गोड लागणार नाही. तूही सांगू नकोस."

मग त्याला ताप आला. साधाच आहे, म्हणाले सगळे. इस्पितळात तिघं गेली, दोघं परत आली. त्याचे मित्रमैत्रिणी बाहेरच्या खोलीत बसून गेले. त्यातली एक तोंड धुवायला आत आली. त्याने घासून खिडकीत ठेवलेला एक दगड तिने उचलला, बघितला आणि होता तिथेच ठेवला. मला काय वाटलं, सांगता येत नाही. पोटात गार पाणी होतं आणि मी टांगलेला होतो.

आता आई आधी अंघोळ करते आणि मला बंद करते. मागून वडील येतात. मला लावायचं त्यांना सुचतच नाही. येईल त्या पाण्याने उरकतात आणि कमरेवर हात ठेवून बाहेर येतात. आई बघते. बोलायचं, तर सगळंच सांगावं लागेल.

परवा ती मला चालू ठेवून गेली. विसरली की मुद्दाम, ठाऊक नाही. वडिलांनी दिवा बघितला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "राजे, गिझर!"

आई हात पुसत आली. "तो विसरायचा नाही. तुमच्या कमरेसाठी चालू ठेवायचा."

"काय?"

"तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता मला."

वडिलांनी आत येऊन कडी लावली. कढत पाणी अंगावर घेत उभे राहिले. मग खिडकीतला दगड घेऊन बोटांनी धूत बसले, खूप वेळ. दार कुणी वाजवलं नाही.

तुमच्या घरी कुणी गिझर चालू ठेवून गेलं, तर खुशाल ओरडा. ऐकायला माणूस आहे, तोवर ओरडून घ्या.

बाहेर पडताना वडिलांनी बटणावर बोट ठेवलं आणि न दाबताच काढून घेतलं. त्यांच्या मागून अंघोळीचं कुणी उरलं नव्हतं.